दोन मस्टँग समोरासमोर: ग्रान टुरिस्मो ७ घ्यावा की फोर्झा होरायझन ५?

म्हापशातला माझा भाचा एका गॅरेजात डेंटिंग-पेंटिंग शिकतोय. चतुर्थीला घरी आला तेव्हा म्हणाला, "मामा, प्लेस्टेशन ५ घेतलाय, पण गेम एकच परवडेल. माणसांनी खरोखर बनवलेल्या मॉडिफाइड गाड्या कशात बघायला मिळतील?"

ग्रान टुरिस्मो ७ आणि फोर्झा होरायझन ५ या गाडी चालवण्याच्या दोन्ही गेममध्ये मिळतात. म्हणून दोन्हीकडची एकेक मस्टँग, म्हणजे फोर्डची ती प्रसिद्ध गाडी, घेऊन बघू.

ग्रान टुरिस्मो ७ मध्ये (२०२२) मॅक फॉर्टी आहे. अमेरिकेतल्या एकर्ट्स रॉड अँड कस्टमने १९६९ ची मस्टँग मॅक १ आणि २००५ ची फोर्ड जीटी यांतून ही एक गाडी घडवली. इंजिन बॉनेटखाली नाही, सीटांच्या मागे. असा बदल करायचा म्हणजे जुन्या सांगाड्यात नवं यंत्र बसवायचं आणि तरी बाहेरून मस्टँगच दिसायला हवी! हे कसब मला फार मोठं वाटतं. या गेमच्या कर्त्यांनी २००३ पासून अनेक वर्षं लास वेगासच्या सेमा या मॉडिफाइड गाड्यांच्या प्रदर्शनात अशा गाड्या निवडून गौरवल्या, त्यामुळे गॅरेजात घडलेल्या गाड्यांची त्यांना खरी कदर आहे.

फोर्झा होरायझन ५ (२०२१) मधली हूनिकॉर्न म्हणजे रॅली ड्रायव्हर केन ब्लॉक यांची १९६५ ची मस्टँग. इंजिनात जास्त हवा कोंबणारे दोन टर्बो, १,४०० हॉर्सपॉवर, ताकद चारही चाकांना. मेक्सिकोच्या मोकळ्या नकाशात ती वाळूत, डांबरावर, कुठेही उधळता येते. चुकलं तर गेम मागे नेता येतो. ब्लॉक २०२३ च्या जानेवारीत गेले, पण त्यांची गाडी आजही कुणीही चालवू शकतो, याचं मला मोल वाटतं. शिवाय इथे २जेटझी आहे. घडवणाऱ्याच्या हातची ही चिमुकली गाडी खेळण्यातल्या गाड्या बनवणाऱ्या हॉट व्हील्सची २०१८ ची स्पर्धा जिंकून आधी खेळणं झाली, मग गेममध्ये आली.

चालवण्याची मजा हवी असेल तर फोर्झा, यात शंका नाही. प्लेस्टेशनवर मात्र मायक्रोसॉफ्टचं अकाउंट जोडावं लागतं. ग्रान टुरिस्मोची अडचण मोठी: नेट नसेल तर बहुतेक गेम बंदच. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली की नेटही जातं, तेव्हा हे आधी लक्षात घ्या.

तरी भाच्याला मी ग्रान टुरिस्मोच सुचवला. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानंतर आपल्याकडे गाडीच्या मूळ घडणीत असे फेरफार करून ती रस्त्यावर आणता येत नाही. मग शिकायला बघायचं कुठे? या गेमच्या फोटो मोडमध्ये गाडी निवांत, जवळून न्याहाळता येते. त्याने पहिल्याच रात्री मॅक फॉर्टीच्या दरवाजा आणि फेंडर (चाकावरचा पत्रा) यांमधली फट स्क्रीनभर मोठी केली. फट वरपासून खालपर्यंत एकसारखी. "मामा, फोटो काढून ठेवतो. उद्या गॅरेजच्या मेस्ताला दाखवायचाय."