जुनं आऊटबोर्ड फुल रेसवर बसतं तेव्हा: टॅकोमीटर, व्हॅक्यूम गेज आणि कॉम्प्रेशन गेज वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या फायबरच्या होडीला ४० हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, आहे. सेकंडहँड घेतलेलं. आधीच्या मालकाने ते स्वस्तात काढलं त्याचं कारण एकच: पाऊण रेसपर्यंत सुरेख चालायचं, पण फुल रेस दिली की मिनिटा-दोन मिनिटांत आवाज खाली बसायचा, होडीचं नाक वर यायचं आणि वेग गेलाच. रेस कमी केली की पुन्हा सगळं ठीक. त्याने कार्बोरेटरचं किट, इग्निशन कॉईल, प्लग, सगळं बदलून पाहिलं होतं. बिलं मी स्वतः पाहिली आहेत. दोष जिथल्या तिथे होता.

आम्ही मालवणजवळच्या देवबागचे. पावसाळा संपून जाळी सुरू झाल्यापासून तीन वस्तू मी सतत वापरतोय: इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या (आरपीएम) दाखवणारा, प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर, पेट्रोलच्या नळीत लावून ओढ मोजायचा व्हॅक्यूम गेज आणि सिलिंडरमधला दाब मोजायचा कॉम्प्रेशन गेज. माझं ठाम मत असं झालंय, की फुल लोडवरचा दोष फुल लोडवरच शोधावा लागतो. पाण्याच्या पिंपात इंजिन लावून रेस देण्यात अर्थ नाही. पिंपात इंजिन पेट्रोल मागतच नाही तेवढं, आणि जो दोष पुरवठ्यात आहे तो तिथे दिसणार कसा?

टॅकोमीटर हजार रुपयांच्या आत मिळतो आणि तिघांत सगळ्यात उपयोगी तोच. सेटिंग मात्र नीट करा. एका फेरीला ठिणगी किती, हे चुकीचं निवडलं तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो. आमच्या इंजिनाला फुल थ्रॉटलवर ४५०० ते ५५०० आरपीएम दिलेले आहेत. हा आकडा समोर असला की पहिला फाटा लगेच फुटतो. आरपीएम चढतात पण होडी पळत नाही, तर इंजिनाला हात लावू नका, पंख्याच्या आतलं रबर घसरतंय. पंखा काढून आतल्या बुशापासून बाहेरच्या भागापर्यंत रंगाची एक सरळ रेघ मारा आणि एक फेरी मारून या. रेघ तुटून सरकलेली दिसली की निकाल लागला. होडीच्या तळाला शिंपली धरली असतील किंवा पंख्याचा पिच (एका फेरीत पंखा जेवढा पुढे सरकायला हवा ते अंतर) जास्त असेल, तर मात्र आरपीएम पहिल्यापासूनच कमी भरतात. पिच एक इंच वाढला की साधारण दीडशे-दोनशे आरपीएम जातात.

आमच्यात तसं नव्हतं. आरपीएम ५००० ला जायचे आणि मग सरळ ३८०० वर यायचे, म्हणजे इंजिनच उपाशी किंवा ठिणगी कमी. कर्ली नदीच्या तोंडाबाहेर मोकळ्या पाण्यात फुल रेस धरली आणि चुलतभावाला पेट्रोलच्या नळीवरच्या रबरी बल्बवर हात ठेवून बसवलं. आकडा पडायला लागला तसा तो ओरडला, "बल्ब चपटो झालो रे!" त्याने तो दाबून-सोडून पंप करायला सुरुवात केली आणि आरपीएम परत वर. या एका चाचणीला पैसा लागत नाही. चालू इंजिनावर बल्ब जरा मऊ लागणं ठीक आहे, पण चपटा होऊन आत ओढला जात असेल तर अडथळा बल्बच्या मागे, टाकीच्या बाजूला आहे. बल्ब चपटा होत नाही पण पंप केल्यावर इंजिन सुधारतं, तर इंजिनावरच्या पेट्रोल पंपाचा पडदा कडक झाला असेल किंवा कुठेतरी नळीत हवा शिरत असेल.

मग व्हॅक्यूम गेज. बल्ब आणि इंजिन यांच्यामध्ये टी-जोड घालून लावला. चार इंचांच्या (पाऱ्याच्या) वर ओढ दिसली तर पुरवठ्यात अडथळा आहे असं समजायचं. आमच्याकडे काटा सातला गेला. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा होता, टाकीतली जाळीही साफ होती. जुनी नळी बाजूला ठेवून नवी नळी आणि नवा बल्ब लावला, काटा दोनच्याही खाली. जुनी नळी ब्लेडने उभी चिरली तेव्हा आतला थर सोलल्यासारखा सुटून एक जीभ लोंबत होती. हळू ओढीत ती बाजूला पडून राहायची, जोराची ओढ लागली की भोकावर येऊन बसायची. बाहेरून नळी अगदी नव्यासारखी होती.

याला पेट्रोलमधलं इथेनॉल कारण असतं, असं मला वाटतं. आता पंपावर वीस टक्क्यांचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या इंजिनांची नळी, पडदे, सील त्यासाठी बनवलेले नाहीत. शिवाय १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदीच्या काळात टाकीत पेट्रोल तसंच राहिलं, तर इथेनॉल ओल शोषतं आणि पाण्यासकट तळाला वेगळं बसतं. बंदीआधी टाकी रिकामी करा, कार्बोरेटरचं पेट्रोल काढून टाका.

आणि हे "चालतंय ना पाऊण रेसवर" म्हणून सोडून देऊ नका, ही कळकळीची विनंती. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबरच आत जातं. फुल रेसवर पेट्रोल कमी पडलं की वंगणही कमी आणि उष्णता जास्त. पिस्टन धरतो किंवा वितळतो तो असाच.

नळी बदलल्यावर आरपीएम पडायचे थांबले, पण ५००० च्या वर जाईनात. इथे कुठलाच गेज कामाला आला नाही, नुसते डोळेच उपयोगी पडले. इंजिन बंद ठेवून हँडल पूर्ण पिळलं आणि कव्हर काढून पाहिलं. कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडत होती, पण टायमिंग पुढे नेणारी प्लेट शेवटच्या टोकाला टेकत नव्हती. जोडणीचा प्लास्टिकचा तुकडा झिजून ढिला झालेला. तो बदलल्यावर ५३००.

कॉम्प्रेशन गेज सगळ्यात कमी वापरला, तरी सेकंडहँड इंजिन बघायला जाताना तो खिशात हवाच. दोन्ही प्लग काढून, वायरी अर्थ करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून दोरी ओढायची. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. आमचे ११८ आणि ११५ आले. अडॅप्टरचा आटा प्लगच्या आट्याएवढाच लांब असावा, जास्त लांब असेल तर पिस्टनला लागू शकतो.

तक्रारी आहेत. टॅकोमीटर वॉटरप्रूफ म्हणून विकतात, पण खाऱ्या हवेत त्याच्या कडेने पाणी शिरलं आणि काचेवर वाफ धरली. सिलिकॉन लावून बसवावा लागला. भर उन्हात आकडे वाचायला हाताची सावली करावी लागते. व्हॅक्यूम गेजचा काटा पंपाच्या ठोक्याबरोबर थरथरतो, मधल्या जागेचा अंदाज घ्यावा लागतो. टी-जोड कायमचा ठेवू नका, क्लिप ढिली झाली तर होडीत पेट्रोल सांडेल.

ज्यांचा बल्ब ठीक असूनही आरपीएम पडतात आणि इंजिन गार झाल्यावर परत येतात, त्यांनी सीडीआय (ठिणगी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि स्टेटर (त्याला वीज पुरवणाऱ्या कॉईल) तपासावेत. तिथे साध्या मल्टीमीटरवर व्होल्टेजचा आकडा बरोबर येत नाही, पीक व्होल्टेज अडॅप्टर लागतो. असा अडॅप्टर असलेल्या मेकॅनिककडेच ते काम द्या, अंदाजाने सीडीआय विकत घेऊ नका.