सायकलच्या फ्रेमचा रंग काढायला पेंट रिमूव्हर की पॉलिश पेपर?

बाबांची जुनी स्टीलची सायकल परत रंगवायची म्हणून दोन्ही करून बघितलं, अर्धी फ्रेम रिमूव्हरनं आणि अर्धी पेपरनं. रिमूव्हर ब्रशनं जाड लावला की दहा-पंधरा मिनिटांत रंग सुरकुत्या पडून वर फुगतो, मग प्लास्टिकच्या पट्टीनं ओढला की सालासारखा निघतो, नळ्यांच्या जोडातला सुद्धा, तिथं पेपर धड पोचतच नाही. पण हातमोजे, चष्मा पाहिजेच आणि काम उघड्यावर, आणि कार्बनच्या फ्रेमला तर अजिबात लावू नका, त्यातलं रेझिन, म्हणजे कार्बनचे धागे धरून ठेवणारं प्लास्टिक, खराब होतं.

पेपरचं काम स्वस्त, पण हात भरून येतात. आधी १२० नंबरचा जाडा पेपर, मग २२०, शेवटी ४०० नंबरचा बारीक. जुन्या रंगात शिसं असू शकतं म्हणून वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) ओला करूनच घासा, धूळ उडत नाही. खालच्या फ्रेम नंबरावर जोर लावू नका हां, पुसट होतो.

स्टिकर वरच असेल तर हेअर ड्रायरनं गरम करून नखानं उचला, चिकट राहिलेलं रॉकेलनं जातं. लॅकरखाली, म्हणजे वरच्या पारदर्शक थराखाली असेल तर रिमूव्हरच.

मी तरी स्टीलला रिमूव्हरच म्हणेन. फक्त बेळगावच्या पावसात उघडं स्टील रात्रभर ठेवू नका, सकाळी तांबूस गंज दिसतो, त्याच दिवशी प्रायमर मारा.