'ब्लीक हाउस' की 'मिडलमार्च': पहिली जाडजूड व्हिक्टोरियन कादंबरी कोणती घ्यावी?

व्हिक्टोरियन काळातली एक तरी मोठी कादंबरी मुळातून वाचायची असं ठरवलं, की बहुतेक वेळा ही दोन नावं पुढे येतात: चार्ल्स डिकन्सची 'ब्लीक हाउस' आणि जॉर्ज एलियट (हे एका लेखिकेचं टोपणनाव) हिची 'मिडलमार्च'. दोन्ही तीन लाख शब्दांच्या पुढच्या. सल्ला सहसा असा मिळतो, की आधी डिकन्स घ्या, तो रंजक आहे; एलियट जड, ती सवडीनं. नोकरी आणि घर सांभाळून रात्री पंधरा-वीस पानं वाचणाऱ्या माणसाला मी उलट सांगेन. आधी 'मिडलमार्च' घ्या.

दोन्ही कादंबऱ्या मुळात हप्त्यांनी आल्या. 'ब्लीक हाउस' मार्च 1852 ते सप्टेंबर 1853 अशी दरमहा निघाली: एक शिलिंग किंमत, 32 पानं मजकूर, दोन चित्रं. 'मिडलमार्च' 1871-72 मध्ये आठ भागांत आली. हरी नारायण आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक'मधून क्रमशः वाचणाऱ्या आपल्याकडच्या वाचकांना ही पद्धत पुढे ओळखीची झालीच. म्हणजे थोडंथोडं वाचायला दोन्ही सारख्याच सोयीच्या असाव्यात, असं वाटेल. तसं होत नाही.

'ब्लीक हाउस'च्या दुसऱ्या प्रकरणात लेडी डेडलॉक कंटाळून शेकोटीजवळ बसली आहे. वकील टल्किंगहॉर्न कोर्टाचे कागद वाचून दाखवतोय. तिची नजर एका कागदावरच्या अक्षराकडे जाते आणि ती विचारते, हे कुणी उतरवलं? थोड्याच वेळात तिला घेरी येते. एवढंच. पण पुढची शेकडो पानं या एका प्रश्नावर उभी आहेत, आणि मधे कितीतरी माणसं येऊन जातात: भंगाराच्या दुकानाचा मालक, कारकून, नृत्यशिक्षक, आफ्रिकेतल्या लोकांची चिंता वाहताना स्वतःच्या पोरांकडे ढुंकूनही न बघणारी मिसेस जेलिबी. यातला जो बिनमहत्त्वाचा वाटतो तोच पुढे महत्त्वाचा निघतो. आठवडाभर पुस्तक मिटलेलं राहिलं तर धागा हातून सुटतो आणि पानं मागे उलटावी लागतात.

त्यात निवेदक दोन. काही प्रकरणं सर्वज्ञ निवेदक वर्तमानकाळात सांगतो, तर काही एस्थर समरसन ही तरुणी आठवणींच्या सुरात. ही रचना विलक्षण आहे, पण दर वेळी सूर बदलताना नव्या वाचकाला पुन्हा रुळावं लागतं. शाळेत इंग्रजी शिकलेल्या पण घरी न बोललेल्या वाचकाची खरी अडचण आहे ती रस्ता झाडणाऱ्या 'जो' नावाच्या पोराच्या बोलीची. डिकन्सनं ती उच्चाराबरहुकूम लिहिली आहे. डोळ्यांनी वाचून ती कळत नाही. मोठ्यानं म्हटली की कळते.

एवढं असूनही 'ब्लीक हाउस'साठी जीव टाकावा अशा दोन गोष्टी आहेत. एक, लंडनचं धुकं आणि त्या धुक्याच्या ऐन मध्यभागी बसलेलं चॅन्सरी कोर्ट. जार्नडिस विरुद्ध जार्नडिस हा वारशाचा दावा इतकी वर्षं चालला आहे, की तो नेमका कशाचा हे कुणालाच सांगता येत नाही. घरात जमिनीचा दावा पाहिलेल्या मराठी माणसाला तारखांवर तारखा आणि वाढत चाललेला खर्च समजावून सांगावा लागणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे रस्ता झाडणारा तो 'जो'. त्या पोराबद्दल डिकन्सला आलेला संताप आजही पानातून पोचतो.

आता 'मिडलमार्च'. काळ 1829 ते 1832. जागा म्हणजे मधल्या इंग्लंडातलं एक गाव, जिथे रेल्वेची मोजणी करायला आलेल्या लोकांवर मजूर धावून जातात. आदर्शवादी डोरोथिया एका शुष्क, वयस्क विद्वानाशी लग्न करते. महत्त्वाकांक्षी डॉक्टर लिडगेट गावातल्या सुंदर रोझमंडशी. या दोन संसारांभोवती बाकीचं गाव. एखादा आठवडा खंड पडला तरी बिघडत नाही, कारण इथे लक्षात ठेवायचं असतं ते माणसांचं वागणं, आणि ते विसरत नाही. प्रकरणं 86 आहेत, पण बरीचशी लहान, एका बैठकीत संपणारी.

खरी कसोटी सुरुवातीच्या शंभर पानांची. एलियटची वाक्यं लांब आहेत. मधेच थांबून ती माणसाच्या मनाविषयी बोलू लागते. सुरुवातीचं, सोळाव्या शतकातल्या स्पॅनिश संत तेरेसावरचं छोटं प्रास्ताविक अडलं तर खुशाल सोडा, पुस्तक संपल्यावर वाचा. पंधराव्या प्रकरणात लिडगेटचं वैद्यकाचं वेड येतं, तिथवर टिकलात की पुढे ओढ लागते.

कशाची, ते एका प्रसंगावरून सांगतो. लिडगेट कर्जात बुडालाय. राहतं घर, बरंचसं सामान ठेवून, नव्यानं लग्न होणाऱ्या एका जोडप्याला द्यायचं आणि लहान घरात जायचं, असं तो ठरवतो. रोझमंड भांडत नाही. ती गुपचूप दलालाकडे जाऊन व्यवहार थांबवायला सांगते. नवऱ्याला हे कळतं तेव्हाही तिचा आवाज चढत नाही. आपलं काही चुकलं असं तिला वाटतच नाही. पैशावरून धुमसणारं घर इतक्या जवळून दाखवलेलं मी दुसरीकडे वाचलेलं नाही. आणि एलियट रोझमंडलाही खलनायिका करत नाही.

पुस्तकात उणं नाही असं नाही. विल लॅडिस्लॉ हा तरुण मला शेवटपर्यंत पुसटच वाटला. बँकर बुल्स्ट्रोडच्या पूर्वायुष्याचं रहस्य उशिरा येतं, आणि रहस्य रचण्यात डिकन्स केव्हाही सरस.

तेव्हा दिवाळीची सलग सुट्टी हाताशी असेल, गूढ उकलण्याची हौस असेल किंवा कोर्टकचेरीशी रोजचा संबंध असेल, तर 'ब्लीक हाउस' घ्या आणि पात्रांची यादी असलेली आवृत्ती शोधा. संसाराची काही वर्षं पाठीशी असतील आणि वाचन तुटक होत असेल, तर 'मिडलमार्च'. दोन्हींचा मजकूर प्रोजेक्ट गुटेनबर्ग या संकेतस्थळावर फुकट आहे, पण पहिल्या वाचनाला टिपांची छापील प्रत बरी पडते.

बीबीसीच्या मालिका दोन्हींवर आहेत, 1994 ची 'मिडलमार्च' आणि 2005 ची 'ब्लीक हाउस'. पटकथा दोन्हींची अँड्र्यू डेव्हिस यांचीच. 'मिडलमार्च'ची आधी पाहिली तरी फारसं नुकसान नाही. 'ब्लीक हाउस'ची मात्र पुस्तक संपेपर्यंत उघडू नका, लेडी डेडलॉकचं गुपित तिथे फुटतं.