नगर रोडचं कोरियन दुकान: मिरची घ्या, नूडल्स सोडा

माझा धंदा मसाल्यांचा. सिंहगड रोडला घरगुती मसाले आणि लोणची करते. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगीच्या पोत्यांत हात घालण्यात निम्मं आयुष्य गेलं. तेव्हा नगर रोडच्या बाजूच्या त्या कोरियन दुकानाबद्दल मी लिहिणार ते मिरचीच्या अंगानं. नूडल्सच्या रंगीत पाकिटांसमोर फोटो काढायला जाणाऱ्यांसाठी बाकीच्यांनी भरपूर लिहून ठेवलंय.

दुकान त्या भागात का, हे पुणेकराला सांगायला नको. रांजणगावला एलजीचा कारखाना आल्यापासून कल्याणीनगर, विमाननगर, खराडी या पट्ट्यात कोरियन कुटुंबं राहतात. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घ्यायचा करार ह्युंदाईनं 2023 मध्ये केला, म्हणजे आता पिंपरी-चिंचवडच्या बाजूलाही गिऱ्हाईक वाढणार. सांगायचा मुद्दा असा, की हे दुकान कॉलेजच्या पोरांसाठी निघालेलं नाही. ते निघालं घरचं जेवण हवं असणाऱ्या माणसांसाठी. पोरं मागून आली, आणि दर्शनी भाग त्यांनी व्यापला.

तो दर्शनी भाग झटकन संपवते. पहिली दोन रॅक नुसती नूडल्सची. शिन रामेन 1986 पासूनचं, ते तोंडाला आग लावणारं बुलडाक 2012 चं. 2024 मध्ये डेन्मार्कनं बुलडाकचे तीन प्रकार फार तिखट म्हणून दुकानांतून काढायला लावले, तेव्हापासून ते आपल्याकडे जास्तच खपत असावं, असा माझा अंदाज. हे सगळं कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटात मिळतं, घरपोच आणून देणाऱ्या ॲपवर मिळतं, आणि बरेचदा दहावीस रुपयांनी स्वस्त. चोको पायचं तर विचारूच नका. लोटेचा चोको पाय भारतातच बनतो, हिरवा ठिपका असतो, आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडेही आहे. एवढ्यासाठी येरवड्याच्या सिग्नलला अर्धा तास कोण उभं राहणार?

खरं दुकान मागच्या भिंतीला आहे.

तिथं मिरचीपूड ठेवली आहे, गोचुगारू. अर्धा किलोचं झिपचं पाकीट, साडेसहाशेच्या आसपास. मी पाकीट बाहेरूनच चिमटीत धरून बघितलं. कण जाडे, चपटे, जरासे दमट, एकमेकांना धरून राहणारे. बी जवळपास नाहीच. आपण वस्त्रगाळ करतो तसला प्रकार नाही. रंग ब्याडगीच्या घराण्यातला, पण तिच्यासारखा गडद नाही, उजळ. जिभेवर आधी गोडी येते, तिखट मागून आणि तेही बेतानं. लवंगीच्या सवयीच्या माणसाला ही मिरची म्हणजे चेष्टा वाटेल. पण रंग! सुक्या लसणाच्या चटणीत घातली तर चटणी दृष्ट लागण्यासारखी दिसते. फक्त पाव हिस्सा लवंगी मिसळा, नाहीतर मुळमुळीत लागते. कढत फोडणीत टाकू नका, लगेच करपते.

ही पूड दोन जातींत येते. जाडी किमचीसाठी, म्हणजे त्यांच्या कोबीच्या आंबवलेल्या लोणच्यासाठी; बारीक गोचुजांगसाठी, म्हणजे मिरचीच्या आंबवलेल्या लगद्यासाठी. दुकानात दोन्ही एकाच फळीवर शेजारी शेजारी होत्या आणि फरक सांगणारी एक चिठ्ठीही नव्हती. शिवाय पाकिटावर कोरियन अक्षरं असली म्हणून मिरची कोरियातलीच असते असं नाही. पाठीमागचं लेबल वाचलं तर बऱ्याच पाकिटांवर मिरचीचा देश चीन लिहिलेला सापडतो. त्यात वाईट काही नाही, पण मग भाव त्या हिशोबानं हवा. इथं चिनी आणि कोरियन मिरचीच्या भावात जेमतेम पन्नास रुपयांचा फरक होता.

सून सोबत होती. ती म्हणाली, "आई, तुम्ही लेबलं वाचत बसलात की दुकान बंद व्हायची वेळ होते." म्हटलं, होऊ दे.

गोचुजांगच्या लाल डब्यांवर तिखटपणाचे पाच टप्पे छापलेले असतात, ही मला फार आवडलेली गोष्ट. आपल्या लोणच्यांवर असं काही हवं. पण डबा घेताना टप्प्याआधी घटकांची यादी बघा. काही डब्यांत पहिला घटक मक्याचं सिरप, मग गहू, मिरची त्यानंतर. मी घेतला त्यात तांदूळ वरच्या नंबरावर होता आणि तो डबा महागही नव्हता, साडेचारशेचा.

त्याच्या शेजारी तपकिरी डब्यात दोएनजांग. पावसाळाभर बंद राहिलेली कोठीची खोली उघडावी तसा वास, म्हणून सुनेनं नाक मुरडलं. मला मात्र त्यामागची रीत पटली. सोयाबीन शिजवून, ठेचून त्याच्या विटा करायच्या, त्या वाळवायच्या, आंबवायच्या आणि मग मिठाच्या पाण्यात महिनोन्महिने बुडवून ठेवायच्या. वरचं काळं पाणी काढलं की तो सोया सॉस, खाली उरला तो गाळ म्हणजे दोएनजांग. एका मडक्यातून दोन जिन्नस, वाया काही नाही. 2024 च्या डिसेंबरात युनेस्कोनं या विद्येला वारशाच्या यादीत घातलं. किमची घालण्याच्या सामुदायिक रीतीला ते 2013 मध्येच मिळालं होतं.

आता त्याच फळीवरच्या सोया सॉसच्या बाटल्या बघा. काही खरोखर आंबवलेल्या, काहींत आम्लानं झटपट विघटन केलेलं सोयाप्रथिन मिसळलेलं. दोन्ही बाटल्या दिसायला सारख्या. काउंटरवरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, "दोन्ही चांगल्या चालतात." चालतात हे माहीत होतं, बाबा.

या दुकानात खरी जाणकार आहे ती फ्रीजपाशी उभी असणारी मणिपुरी मुलगी. किमची दुकानातच बनते, पारदर्शक बरण्यांत, अर्धा किलो सव्वातीनशे रुपये. मी ताजी उचलली तर तिनं हातातून काढून घेतली. "आंटी, आज खाना है तो वो पुराना वाला लो, नया वाला अभी कच्चा है." झाकण जरा सैल करून दाखवलं, बुडबुडे दाखवले, आणि घरी बरणी मोरीत धरूनच उघडा म्हणून बजावलं. आमच्याकडे श्रावणात मासळी चालत नाही, म्हणून विचारलं, तर तिनं स्पष्ट सांगितलं की नेहमीच्या किमचीत फिश सॉस असतो, बिनमाशांची वेगळी बनते आणि तिच्या झाकणावर हिरवी पट्टी असते. शाकाहारी मंडळींनी हे विचारल्याशिवाय घेऊ नये. नुसता कोबी दिसतो म्हणून फसायला होतं. तिनं दिलेली मुरलेली किमची आंबट, करकरीत, लसूण बेताचा. थालीपिठाबरोबर संपली.

तक्रार आहे, आणि ती मालकानं मनावर घ्यावी. आयातदाराचं लेबल हवंच, पण इथं ते काही बाटल्यांवर बरोबर तारखेवरच चिकटवलेलं होतं. कोरियन तारखेत आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. आपला माणूस आधीच गोंधळतो, त्यात ती अर्धी झाकलेली. तिळाच्या तेलाच्या एका बाटलीवर तर एमआरपीची दोन लेबलं एकावर एक होती. कोपरा नखानं उचलला तर खाली चाळीस रुपये कमी. काउंटरवरच्या मुलानं "मॅडम, सिस्टिममध्ये हाच रेट आहे" एवढंच तीनदा ऐकवलं. मालक आतून आला, बघितलं, काही न बोलता खालच्या भावानं बिल केलं. मला मिळालं, ठीक. फळीवरच्या बाकीच्या बाटल्या तशाच राहिल्या. तेल मात्र उत्तम आहे, भाजलेल्या तिळाचं, गडद. कोशिंबिरीवर दोन थेंब पुरतात.

तांदळाच्या त्या जाड शेवया, त्तोक, फ्रीजरमध्ये असतात. साडेतीनशे रुपये म्हणजे तांदळाच्या पिठाला जास्तच, पण नातवंडं खूश. तोफू शनिवारी सकाळी ताजा येतो आणि कोरियन बायका अकरा वाजेपर्यंत उचलून नेतात. त्यांच्या मागेमागे फिरलात तर काय घ्यावं ते आपोआप कळतं; मी ते निःसंकोच केलं.

पार्किंग नाही. पिशवीचे वेगळे पैसे लावतात. आणि किमची घ्यायची असेल तर थर्माकोलचा डबा आणि बर्फ घरून न्या, कारण दुकानात मिळत नाही आणि मे महिन्यात सिंहगड रोडला पोचेपर्यंत झाकण टम्म फुगलेलं असतं.