जबाबाचं प्रशिक्षण: पहिल्या दिवशी उशिरा गेलात तरी चालेल, दुसरा चुकवू नका

लैंगिक अत्याचाराचा संशय असलेल्या प्रकरणात मुलाचा जबाब कसा घ्यावा, यावरचं दोन दिवसांचं प्रशिक्षण नागपुरात सिव्हिल लाइन्समधल्या एका सभागृहात झालं. तान्हा पोळा, म्हणजे लहान मुलांचा चाकांच्या लाकडी बैलांचा पोळा, नुकताच उरकला होता. फी १,८०० रुपये, चहा-जेवण धरून. मी पॉक्सोच्या, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या कायद्याच्या, प्रकरणांत बाल कल्याण समितीकडून सहाय्यक व्यक्ती म्हणून, मुलाच्या सोबतीला जाते. फी माझी मीच भरली, त्यामुळे हातचं राखून लिहिणार नाही.

पहिला दिवस स्लाइडचा. पॉक्सोचं कलम २४ म्हणजे जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, आणि मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. हे पाठ असलेलेच लोक समोर बसले होते, तरी वाचून दाखवलं. दुपारी आपल्याच नागपूर खंडपीठाचा जानेवारी २०२१च्या त्या 'त्वचेला त्वचा' निकालाचा विषय निघाला, कपड्यांवरून केलेला स्पर्श पॉक्सोखालचा लैंगिक हल्ला नाही म्हणणारा. नोव्हेंबर २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. चर्चा रंगली, आवाज चढले, तासभर गेला. पण तो वाद गुन्ह्याच्या व्याख्येचा होता. मुलाला पहिलं वाक्य काय विचारायचं, ते संध्याकाळपर्यंत कोणी सांगितलं नाही. सकाळचे तर्री पोहे मात्र झकास.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या मॅडम आल्या आणि त्यांनी प्रोजेक्टरच बंद केला. त्यांचा सगळा भर मुलांचा जबाब घेण्याच्या एनआयसीएचडी पद्धतीवर होता. अमेरिकेतल्या त्याच नावाच्या बाल आरोग्य संस्थेत मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी ती बांधली. पुढे इस्राएलमध्ये इरित हर्शकोविट्झ यांच्यासोबत तिची सुधारित आवृत्ती झाली, तिच्यात मुलाला आधार देण्याला जास्त जागा आहे. आधी ओळख आणि मोकळेपणा, मग नियम: माहीत नसेल तर 'माहीत नाही' म्हण, माझं चुकलं तर मला दुरुस्त कर, मी तिथे नव्हते म्हणून तूच सांग. मग एखाद्या साध्या प्रसंगावर बोलण्याचा सराव, आणि मुद्दा त्यानंतर.

सरावात मी आठ वर्षांची मुलगी झाले आणि ग्रामीण ठाण्यातल्या एक उपनिरीक्षक ताई जबाब घेणाऱ्या. ताईंनी पहिल्याच दमात विचारलं, "काकांनी त्रास दिला का? कुठे हात लावला?" मॅडमनी थांबवलं. अजून कोणत्या काकांचं नावही निघालं नव्हतं, ते आलं कुठून? पुन्हा सुरुवात. "परवा तान्हा पोळा होता ना? सकाळी उठल्यापासून काय काय झालं, सगळं सांग."

मी म्हटलं, "बैल घेऊन गेलो." आणि गप्प बसले. ताईंची चुळबुळ सुरू झाली, तशी मॅडमनी हातानेच 'थांबा' म्हणून खुणावलं. मग ताई एवढंच म्हणाल्या, "मग?" मी म्हटलं, बैलाचं चाक निघालं. "चाक निघालं म्हणालीस, त्याबद्दल अजून सांग." आणि मला खरंच बोलावंसं वाटायला लागलं! आजोबांनी खिळा ठोकला, बैल एका अंगाला कलला, समोरच्या काकूंनी बोजारा (बैल घेऊन आलेल्या मुलांना देतात तो खाऊ-पैसा) द्यायला दारच उघडलं नाही. मुलाला लांबलचक सांगायची सवय इथे लागते आणि ते किती तपशील देऊ शकतं हे आपल्यालाही कळतं. हो-नाहीचे प्रश्न अगदी शेवटी, आणि त्यांच्या मागोमाग पुन्हा 'त्याबद्दल सांग'.

फी वसूल झाली ती पुढच्या तासात. मूल अडखळलं की "बोलायला जड जातंय ना? सावकाश सांग, मी ऐकतेय" हा आधार. मुलाने कोणाचं नाव घेतलं की "शाब्बास, आता बरोबर सांगितलंस" हे बक्षीस. पहिल्याने मूल टिकून राहतं. दुसऱ्याने त्याला कळतं की मोठ्यांना नेमकं काय ऐकायचंय, आणि बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत तेवढंच धरून बसतो. मॅडमनी कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीचं उदाहरण दिलं. प्रकरण १९८३ला सुरू झालं, मुलांना हातबाहुल्या घेऊन, सुचवत सुचवत विचारलं गेलं, खटला १९९०पर्यंत चालला आणि शिक्षा एकालाही नाही. मुलांच्या बोलण्यातलं खरं काय आणि मोठ्यांनी घातलेलं काय, हे कोणालाच वेगळं काढता आलं नाही.

कलम २६ही त्यांनी करून दाखवलं. मूल बोलेल तसंच लिहायचं, असं कायदाच म्हणतो. आमच्या कागदांवर काय आलं? "सदर इसमाने माझ्याशी गैरवर्तन केले." सहा वर्षांचं पोरगं असं बोलतं का हो?

आता तक्रारी. कलम २६ शक्य तिथे ध्वनिचित्रमुद्रण करायला सांगतं, म्हणून प्रात्यक्षिक ठेवलं, तेही भर्र फिरणाऱ्या पंख्याखाली आणि खिडकीबाहेर गणपतीच्या ढोल-ताशाचा सराव चालू असताना. नंतर ऐकलं तर अधिकाऱ्याचा प्रत्येक शब्द खणखणीत आणि 'मुलाचं' पुटपुटणं गायब. प्रत्यक्ष प्रकरणात हे झालं तर त्या मुद्रणाचा काय उपयोग? आयोजक म्हणाले, "समजून घ्या." गडचिरोलीकडून गोंडी, मेळघाटातून कोरकू बोलणारी मुलं येतात. दुभाषाची तरतूद कायद्यात आहे, पण तो कसा बसवायचा, त्याने सुचवू नये म्हणून काय करायचं, यावर अवाक्षर नाही. पुस्तिका इंग्रजीत.

आणि माझी खास तक्रार: सहाय्यक व्यक्तीने जबाब घ्यायचा नसतो. आम्ही सोबत राहतो, पुढे काय होणार ते मुलाला समजावतो, मुलाच्या तोंडी शब्द घालत नाही. पोलीस, शिक्षक आणि आम्ही अशा तिघांना एकाच सरावात बसवल्यामुळे शेजारच्या एक बाई "मीच विचारून घेते" म्हणत उत्साहाने घरी गेल्या. शिक्षकांसाठी तर वेगळा तास हवाच होता. मूल पहिल्यांदा बोलतं ते बहुतेक वर्गात नाहीतर स्वयंपाकघरात. तिथे शांतपणे ऐकायचं, ऐकलं तसं टिपायचं, कळवायचं, आणि मुख्याध्यापकांपुढे पुन्हा वदवून घ्यायचं नाही.

बाहेर टेबलावर शरीराचे अवयव दाखवणाऱ्या बाहुल्या विकायला होत्या, जोडी २,४०० रुपये. घेऊ नका. लहान मूल बाहुली हातात आली की खेळायला लागतं, आणि त्या खेळाचा अर्थ लावत बसण्यात आपण चुकतो. तेवढ्या पैशात एक बरा माइक येईल.

पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे म्हणतात. नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचारा: दुसऱ्या दिवशी त्याच मॅडम आहेत का, आणि पुस्तिका मराठीत झाली का. पहिल्याचं उत्तर 'हो' असेल तर दुसऱ्याकडे दुर्लक्ष करून पैसे भरा.