लेखनासाठी अभ्यासिका : अंबाजोगाईतील एका जागेविषयी अभिप्राय

अंबाजोगाईत १९८३ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते आणि आद्यकवी मुकुंदराजांची समाधीही याच गावाच्या कडेला आहे. तरीही कोणी हाक न मारता चार तास कथा लिहायची असेल, तर त्यासाठी भाड्याने मिळेल अशी जागा मला येथे सापडली नाही. सापडली ती स्पर्धा परीक्षांच्या विद्यार्थ्यांसाठी चालविलेली एक अभ्यासिका. औषधांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर असलेल्या या अभ्यासिकेत महिन्याला ८०० रुपये भरून मी बसते, आणि हा अभिप्राय प्रामुख्याने लिहिणाऱ्या मंडळींसाठी आहे.

प्रवेशाच्या वेळी संचालकांनी "मॅडम, कोणत्या पोस्टची तयारी?" असे विचारले. मी कथा लिहिते, असे सांगितल्यावर त्यांनी थोडा विचार करून नोंदवहीतील परीक्षेच्या रकान्यात 'इतर' असे लिहिले आणि कप्प्याची किल्ली हातात ठेवली. त्यानंतर आजवर त्यांनी एकदाही लेखन कुठवर आले, असे विचारलेले नाही. नातेवाइकांकडून मिळू न शकणारी ही सोय मी या जागेची पहिली जमेची बाजू मानते.

सुविधा बेताच्या पण चोख आहेत. प्रत्येकाला प्लायवूडच्या आडोशाचे स्वतंत्र टेबल, त्यावर एक दिवा आणि एक सॉकेट आहे. पिण्याच्या पाण्याचा जार रोज बदलला जातो. लाइट गेली की इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतात, सॉकेट मात्र बंद राहतात. लॅपटॉपच्या कळांचा आवाज होतो म्हणून इतरांनी तक्रार केल्यावर मला हातानेच लिहावे लागले, आणि पाठकोऱ्या कागदांवर खाडाखोड करत पुढे जाण्याची सुटलेली सवय त्यामुळे परत लागली. संदर्भासाठी येथे काही मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. कपाटात चालू घडामोडी आणि अंकगणित सोडून काही नाही, साधा मराठी शब्दकोशसुद्धा नाही.

खरी मोलाची गोष्ट शुल्कपत्रकात लिहिलेली नसते. माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारी मुलगी पुस्तक उघडले की मोबाइलवरील स्टॉपवॉच सुरू करते, पाणी प्यायला उठली तरी ते थांबवते आणि रात्री जाताना निव्वळ बैठकीचा आकडा वहीच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवते. दिवसभर अभ्यासिकेत असूनही काही दिवशी तो आकडा पाच तासांच्या आत राहतो, आणि तोही ती तितक्याच मुकाट्याने लिहिते. तिचे पाहून मीही तसे टिपू लागले, तेव्हा मला लेखनाला वेळ मिळत नाही असे माझे जुने गाऱ्हाणे असले, तरी बराचसा वेळ खिडकीबाहेर पाहण्यात जात होता, हे दिसून आले. पाने मोजली की मी भरताड लिहिते. मिनिटे मोजली तर न सुचण्याची मिनिटेही हिशेबात धरली जातात आणि खुर्ची सोडावीशी वाटत नाही.

लेखनाची ऊर्मी शोधायला आमच्याकडची माणसे सकाळी मुकुंदराजांच्या दरीकडे फिरायला जातात. मीही जाते. तेथे कथेची सुरुवात सुचते, क्वचित शेवटही सुचतो. परंतु पात्राला घरातून उठवून बाजारात न्यायचे आणि मधल्या वाटेवर काहीतरी घडवायचे, हे काम कोणतीही दरी करून देत नाही. याच गावात राहून संतकवी दासोपंतांनी गीतार्णव ही गीतेवरील सव्वा लाख ओव्यांची टीका लिहिली, कागद सोडून कापडाच्या लांबलचक पासोडीवरही ग्रंथ लिहिला, आणि त्यांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागत असे, अशी आख्यायिका आहे. या आख्यायिकेत स्फूर्तीचा उल्लेख नाही, शाईच्या खर्चाचा आहे, म्हणूनच ती मला अधिक विश्वसनीय वाटते.

आता उणिवा. संवाद लिहिताना ते तोंडाने म्हणून पाहावे लागतात, आणि येथे ओठ हलले तरी चार माना वळतात. त्यामुळे संवादांचा पहिला खर्डा घरीच करून आणावा आणि येथे फक्त दुरुस्तीला बसावे, असा माझा सल्ला आहे. मुलींचा विभाग मुलांच्या विभागाहून लहान असून रात्री दोन तास आधी बंद होतो, शुल्क मात्र दोघांना सारखेच आहे; हे मला मुळीच पटलेले नाही आणि मी तसे लेखी दिले आहे. फोनवर बोलायचे तर जिन्यात जावे लागते. अर्थात त्या जिन्याविषयी लेखिका म्हणून तक्रार करणे कृतघ्नपणाचे होईल. "अण्णा, सोयाबीन इतक्यात घालू नका, भाव पडलाय," असे सांगणारी मुलगी पुढच्याच वाक्यात महिन्याच्या डब्याचे पैसे मागताना आवाज किती खाली आणते, हे मला कोणत्याही लेखन कार्यशाळेत शिकायला मिळाले नसते. मात्र मी तिचे बोलणे जसेच्या तसे कथेत घेतलेले नाही आणि घेणारही नाही.

ज्यांना अजून विषयच सापडलेला नाही त्यांनी येथे पैसे घालवू नयेत. कोरा कागद आणि समोर प्लायवूड, एवढेच त्यांच्या वाट्याला येईल. अर्धवट राहिलेली कथा किंवा कादंबरी ज्यांच्या पिशवीत आहे, त्यांनी एक महिना अवश्य बसून पाहावे. उन्हाळ्यात कूलर भिंतीजवळ असतो आणि त्याचा घरघराट फार होतो, म्हणून मधल्या रांगेतील टेबल मागावे. पोलीस भरतीची जाहिरात निघाली की एकही टेबल रिकामे राहत नाही, त्यामुळे पुढच्या महिन्याचे शुल्क आगाऊ भरून पावती घेऊन ठेवावी.