फोंडा–पणजी, १४ महिने, साडेएकोणीस हजार किलोमीटर: माझं मायलेज ब्रेकखाली जात होतं

गाडी कोणती ते सांगून काही साधत नाही. १.२ लिटर, चार सिलिंडर, पेट्रोल, पाच गिअरची मॅन्युअल हॅचबॅक. आमच्या वाड्यावरच तशा चार उभ्या आहेत. डिकी किती लिटरची आणि स्क्रीन किती इंचांची हे वाचणाऱ्यांना पाठ असतं, त्यात शिरत नाही. लिहायला बसलो ते मायलेजमुळे, आणि मायलेजवरून सर्व्हिस सेंटरमध्ये झालेल्या भांडणामुळे.

रोजचा रस्ता फोंडा ते पणजी आणि परत, ६० किलोमीटर. महिन्याला साधारण १,४००. गाडी घेतल्या दिवसापासून वही ठेवली आहे. पंप एकच, टाकी फुल्ल, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की बस. पैशांचा आकडा गोल करायला वर थेंबभरही घ्यायचं नाही. मागच्या भरण्यापासूनचे किलोमीटर भागिले आताचे लिटर. डॅशबोर्डवरचा आकडा मी धरतच नाही, कारण माझ्या गाडीत तो वहीपेक्षा दर वेळी सव्वा-दीड किलोमीटर जास्त येतो. त्यावर विश्वास ठेवून कोणी मायलेज सांगत असेल तर आधी दोन टाक्या मोजून बघा, एवढंच म्हणेन.

कंपनीचा आकडा २२च्या वर आहे. तो रस्त्यावर मिळेल अशी माझी कधीच अपेक्षा नव्हती. ती चाचणी प्रयोगशाळेत रोलरवर होते, एसी बंद असतो, वेग ९०च्या वर जात नाही, आणि सगळा प्रकार वीसेक मिनिटांत आटपतो. त्यात फर्मागुढीचा चढ नाही, भोमची कोंडी नाही, कुंडईच्या वळणावर मध्येच थांबणारी खासगी बस नाही. पहिले सात महिने मला सरासरी १५.४ मिळाले. थोडं कमी वाटलं, पण रोजचा एसी आणि रस्ता धरून मी ते मान्य केलं होतं.

भांडण फेब्रुवारीत झालं. १० हजारांची सर्व्हिस करून आणली आणि पुढच्या टाकीला १४.१. त्याच्या पुढची १३.९. दीड किलोमीटर गेले कुठे? वही घेऊन सर्व्हिस सेंटरला गेलो. काउंटरवरच्या मुलाने वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाला, "सर, मायलेज चालवण्याच्या पद्धतीवर असतं." मी म्हटलं, पद्धत तीच, रस्ता तोच, पंप तोच, बदलली ती फक्त तुमची सर्व्हिस. त्याने संगणक जोडला, एकही एरर कोड नाही असं सांगितलं आणि गाडी धुऊन परत दिली. आठवड्याने पुन्हा गेलो, पुन्हा तेच वाक्य. दुसऱ्या खेपेला माझा आवाज चढला. चारचौघांत चढला, त्याचं वाईट वाटतं, पण त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही.

उत्तर सापडलं ते घराजवळच्या गॅरेजात. फिटर साठीचा आहे, कमी बोलतो. त्याने मला पाच किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता फिरवून आणायला सांगितलं आणि आल्यावर चारही चाकांच्या रिमजवळ उलटा हात धरला. मागचं डावं चाक गरम. जॅकवर चढवून हाताने फिरवलं तर अर्ध्या फेरीत थांबलं. "भाऊ, हँडब्रेक ओढून ठेवलाय ह्यांनी. लायनर ड्रमला घासतो." लायनर म्हणजे ब्रेकची घासपट्टी. त्याने केबल सैल केली, ड्रम उघडून साफ केला, ३०० रुपये घेतले. सर्व्हिसच्या बिलात ब्रेक साफ करून ॲडजस्ट केल्याचे ६५० रुपये मी वेगळे मोजले होते. म्हणजे ज्या कामाचे पैसे दिले त्याच कामाने दीड महिना पेट्रोल खाल्लं. पुढची टाकी १५.३.

इथे थांबलो असतो तर हा लेख सर्व्हिस सेंटरवरच संपला असता. एप्रिल-मे मी सगळ्यांना तेच सांगत होतो: गाडी चोख, सर्व्हिस वाईट, माझ्या चालवण्यात काही खोट नाही.

जूनमध्ये मला कामानिमित्त महिनाभर पुण्याला राहावं लागलं. बायको पणजीत शाळेत शिकवते, एरवी कदंबाच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी बसच्या, शटलने जाते. तो महिना गाडी तिने नेली. वही तिच्याकडे देताना टाकी कशी भरायची ते दोनदा समजावलं होतं. परत आलो तर वहीत तिच्या अक्षरात तीन आकडे: १७.२, १७.६, १७.५.

मी आधी बेरजा तपासल्या. मग पंपाच्या पावत्या. आकडे बरोबर होते. तीच गाडी, तोच रस्ता, तोच एसी, आणि माझ्यापेक्षा दोन किलोमीटर जास्त. ई-२० पेट्रोलला सध्या सगळेच दोष देतात, मीही देत होतो. त्यात तथ्य आहे: इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, म्हणजे २० टक्के मिसळलं की शुद्ध पेट्रोलच्या मानाने सहा-सात टक्क्यांचा फरक पडतो. पण तिनेही तेच पेट्रोल भरलं होतं. ह्या दोन किलोमीटरचा दोष त्याच्यावर टाकता येत नव्हता.

मग म्हटलं, पाऊस. मेमधल्या उकाड्यात एसीचा कॉम्प्रेसर जास्त राबतो, जूनमध्ये कमी. जुलैचा पहिला पंधरवडा मी माझ्या नेहमीच्या वेळेला, सव्वाआठला निघालो: १५.५. म्हणजे पावसाने दिले ते फार तर ०.२. मग वेळ. ती पावणेसातला निघते, तेव्हा भोम आणि बाणस्तारीचा पूल मोकळा असतो. दुसरा पंधरवडा मी तिच्या वेळेला निघालो: १६.५. हा एक किलोमीटर निव्वळ दीड तास आधी निघण्याचा. कोंडीत उभी गाडी एसी लावून तासाला पाऊण ते एक लिटर जाळते आणि पुढे काही सरकत नाही, हे त्या पंधरवड्यात पटलं. ज्यांना वेळ बदलता येते त्यांनी बाकी काही करण्याआधी ती बदलावी.

पण तिचा अजून एक किलोमीटर माझ्याकडे यायचा होता.

तो शोधला मुलीने. तीही पणजीला कॉलेजात जाते. पावणेसातलाच निघायचं, तीन दिवस मी चालवायची, तीन दिवस आईने, आणि हिने मागच्या सीटवर बसून ब्रेक लागला की वहीत एक रेघ मारायची. फोंडा ते पणजी माझे सरासरी ६५ ब्रेक, बायकोचे ४१. दोघांना लागलेला वेळ मात्र तीन मिनिटांच्या आत सारखा. ह्या आकड्याने मला जितकं हलवलं तितकं ह्या गाडीतल्या कशानेच नाही. पंचवीस वर्षं गाडी चालवतोय. कोणाला धक्का नाही, दंडाची पावती नाही, गाडी पळवायची हौस नाही. मायलेज ॲक्सिलरेटरवर जातं असं समजून मी उजवा पाय नेहमी हलका ठेवला. जात होतं ते शेजारच्या पेडलवर.

हिशेब मांडून पाहिला. माणसासकट १,०५० किलोची गाडी ५० वरून ४० वर ब्रेकने आणली की साधारण ३६ किलोज्यूल गतिऊर्जा ड्रम-डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. पुन्हा ५० गाठायला तेवढी ऊर्जा इंजिनाने द्यायची. लिटरभर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूलच्या आसपास ऊर्जा असते, पण त्यातली चौथाई धरली तेवढीच चाकांपर्यंत पोचते. म्हणजे एका लहानशा ब्रेकची किंमत साडेचार मिलीलिटर, चहाचा चमचाभर. ६० वरून पूर्ण थांबलात तर १८ मिलीलिटर. माझे जास्तीचे २४ ब्रेक गुणिले साडेचार: १०८ मिलीलिटर. आणि वहीप्रमाणे ३० किलोमीटरला १६.५ आणि १७.५ ह्यांतला फरक येतो १०४ मिलीलिटर. अंदाजाचा हिशेब आहे, प्रत्येक ब्रेक सारखा नसतो हे मलाही कळतं. तरी दोन वेगळ्या वाटांनी काढलेले आकडे इतके जवळ आले तेव्हा मी वही बायकोपुढे ठेवली. ती म्हणाली, "पुढे बस थांबणार हे दिसतं ना तुला? मग तिच्या ढुंगणापर्यंत पाय दाबत कशाला जातोस?"

ती काय करते ते मग मी शेजारी बसून पाहिलं. बसच्या मागे चार-पाच गाड्यांचं अंतर ठेवते. मध्ये कोणी घुसलं तर घुसू देते, पुन्हा अंतर करते. मेरशीजवळ सिग्नल लाल दिसला की तिथूनच पाय उचलते, गाडी गिअरमध्येच ठेवते, आणि पोचेपर्यंत बहुतेक वेळा तो हिरवा झालेला असतो. तिची गाडी तेव्हा ३० वर चालू असते आणि माझी थांबलेली असती. म्हार्दोळच्या अलीकडच्या गतिरोधकाला ती वेग पायाने नाही, अंतराने कमी करते.

गाडी गिअरमध्येच ठेवते, हे मुद्दाम लिहिलं. मी उतारावर न्यूट्रल मारायचो. वडिलांच्या कार्ब्युरेटरच्या गाडीत शिकलेली सवय. फर्मागुढी उतरताना न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवतोय असं मला वर्षानुवर्षं वाटत होतं. इंजेक्शनच्या गाडीत उलट आहे. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला आणि आरपीएम (इंजिनाच्या मिनिटाला फेऱ्या) हजार-दीड हजाराच्या वर असला की ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल सोडणारे इंजेक्टर बंद करतो. चाकंच इंजिन फिरवतात आणि पेट्रोल शून्य लागतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जातच राहतं. वर इंजिनाची ओढ नसल्यामुळे सगळा भार ब्रेकवर. चोर्ला किंवा अनमोड घाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्यांना कळकळीने सांगतो: पेट्रोल वाचत नाही आणि तापलेले ब्रेक ऐन वळणावर दगा देऊ शकतात. ही सवय आजच सोडा.

आणखी एका बाबतीत मत बदललं. हळूहळू वेग घेणं म्हणजे किफायत, असं मी धरून होतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये रेंगाळत जायचो. आता जरा ठामपणे पाय देऊन दोन हजारांच्या आसपास गिअर बदलतो आणि सपाटीवर ५० ला पाचव्यात येतो. कमी आरपीएमवर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) थोडा जास्त उघडलेला इंजिनाला मानवतो, कारण अर्धवट मिटलेल्या थ्रॉटलमधून हवा ओढण्यात त्याची कमी ताकद जाते. चढावर मात्र गाडी गुदमरू लागली तर खालचा गिअर घ्यायचाच, तिथे हट्ट नको.

हायवेचं थोडक्यात. सावंतवाडीला जाताना धारगळच्या पुढे ८० धरले तर २०.८, एकदा घाई होती म्हणून १०० धरले तर १७.९. हवेचा रोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १०० झाले की दीडपटीहून जास्त. वाचलेली मिनिटं बांद्यापर्यंत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. टायरमध्ये ३३ पीएसआय, महिन्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना; ३० किलोमीटर चालवून पंपावर मोजलं तर आकडा फुगलेला येतो. चोडणला जाताना रायबंदरच्या फेरीबोटीच्या रांगेत इंजिन बंद. बाकी गाडी चांगली आहे: एसी उत्तम, हेडलाइट पावसात कमी पडतात, मागे तिघं बसली की पाठ धरते.

ऑगस्टपासून मी ब्रेक मोजत चालवतो. ऑगस्टच्या तीन टाक्या १७.१, १७.४, १७.५. चवथीच्या आठवड्यात बाजाराची गर्दी आणि माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांच्या छताचं) सामान भरून फिरलो, तेव्हा १६.२, ते होणारच. १५.३ आणि १७.५ ह्यांतला फरक महिन्याला साडेअकरा लिटर, लिटरला ९७ धरले तर अकराशेच्या वर, वर्षाला तेरा हजार. २०१२ साली पर्रीकरांनी पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढून टाकला तेव्हा लिटरमागे ११ रुपये उतरले होते आणि सगळा गोवा त्यावर बोलत होता. मला आता लिटरमागे १२ रुपयांचं काम जास्त मिळतं.

काउंटरवरच्या त्या मुलाचं वाक्य मग खरं ठरलं का? माझ्यापुरतं अर्धं ठरलं. पण त्या दिवशी ते म्हणायचा त्याला हक्क नव्हता. त्याने चाक उचललं नव्हतं, वही उघडली नव्हती, बरोबर बसून एक फेरी मारली नव्हती. घासणारा लायनर माझ्या पद्धतीच्या नावावर घातला, म्हणून मी स्वतःची पद्धत बघायला चार महिने तयारच झालो नाही. हे नुकसान मी त्या दीड महिन्याच्या पेट्रोलपेक्षा मोठं धरतो.

पुढच्या आठवड्यात २० हजारांची सर्व्हिस आहे. ह्या वेळी गाडी ताब्यात घेण्याआधी मागची दोन्ही चाकं जॅकवर चढवायला लावणार आहे. हाताने मोकळी फिरली, की मग बिलावर सही.